भाचीने परत पाठवलेल्या घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा अभिनय (सध्या बंद), राहणार तिसरा मजला, जिन्यासमोरचा दरवाजा, आज स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणार तरी कोण? टीव्हीवर बारा वर्षे मी हेरखात्याची सूत्रे हलवणारी बाई होते, आणि आजही नळ दुरुस्त करायला येणारा माणूस माझ्याकडे पाठ करून बसत नाही. कायद्याला लागणारी नावे आणि पत्ते वकीलबाईंनी पुरवणीत घातले आहेत. इथे मी माणसांना ज्या नात्याने ओळखते त्याच नात्याने लिहीन.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. ते साधे, एका पानाचे होते. ते का चालले नाही ते पुढे येईलच.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या वकीलबाईंनी करावी. बाई हुशार आहेत, कामाला चोख आहेत. फक्त त्यांनी लहानपणी ती मालिका पाहिली आहे. पहिला मसुदा वाचून झाल्यावर त्यांनी उठून दार लावले आणि हळूच विचारले, "मॅडम, यात नेमकं काय दडलंय?"

"काही नाही," मी म्हटले.

"कळलं," त्या म्हणाल्या आणि डोळा मारला. त्यांची फी आगाऊ दिली आहे.

कलम २. बँकेत माझ्यामागे जे काही उरेल ते, आणि आरशाचे टेबल, माझी रंगभूषा करणाऱ्या रंगूताईंना द्यावे. त्या रोज सकाळी माझ्या दोन भुवयांच्या मध्ये एक आठी काढायच्या. खात्याची प्रमुख आठीशिवाय शोभत नाही, असा वरून हुकूम होता. संध्याकाळी कापसाने ती पुसायच्या आणि म्हणायच्या, "जा, आता घरची हो." एके दिवशी त्या पुसत राहिल्या, पुसत राहिल्या, आणि आठी काही जाईना. "ही माझी नाही गं," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला खरे तर त्या दिवशी रडायला हवे होते.

कलम ३. मालिकेत मी घालायचे तो करड्या रंगाचा लोकरी कोट. मालिका काढणाऱ्या कंपनीला तो काचेच्या पेटीत ठेवायचा आहे, तशी त्यांची दोन पत्रे आली. तो कोट फरशी पुसायला येणाऱ्या बाईंना द्यावा आणि त्यांनी त्याची फडकी करावीत. त्या कोटात मी कितीतरी माणसे मरायला पाठवली, त्यात एक मालिकेतला माझा नवराही होता. कापड मात्र उत्तम आहे, फरशीला ओरखडा येणार नाही.

कलम ४. कंपनी मालिकेचे नवे भाग काढणार असे कानावर आले आहे. माझा चेहरा किंवा आवाज यंत्राने बनवून वापरायला माझी परवानगी नाही आणि माझ्यामागे कोणी ती देऊ नये. जिवंतपणी जेवढे वाईट वागून दाखवले तेवढे पुरे.

कलम ५. वडिलांचे मनगटी घड्याळ माझ्या भावाला द्यावे. भाऊ चांगला आहे, फक्त घरात बोलत नाही. त्याच्या वाटचे वहिनी बोलतात.

इथे थोडे मागचे सांगावे लागेल. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. बाप लगेचच दुसरा संसार थाटून मोकळा झाला. बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही मुलीचे काय करायचे ते ठरवत होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे जागा कुठे आहे? दोन खोल्या आणि तीन पोरं." खरेच होते ते. मुलगी मी घेतली. पण निघताना वहिनींनी बहिणीचे शिवणयंत्र टेम्पोत चढवून नेले. मुलीला जागा नव्हती, यंत्राला होती. मुलगी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. त्यानंतर वहिनींच्या घरी तिने कधी पाण्याच्या थेंबालाही तोंड लावले नाही आणि त्यांचे नाव निघाले की ती खोलीतून उठून जायची.

पुढे आई गेल्यावर घराची वाटणी निघाली. मी म्हटले, सगळे भावाच्या नावावर करा, मला काही नको. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. तोवर मालिका जोरात चालू होती.

"वन्सं, तुमचा डाव काय आहे?" त्यांनी विचारले.

डाव नाही म्हटल्यावर त्या घाबरल्या. दुसऱ्या दिवशी त्या वकिलाकडे गेल्या. शेवटी मी भांडून अर्धा हिस्सा मागितला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. त्या अर्ध्या हिश्शाचे पैसे आणि माझी कमाई घालून मी हे घर घेतले, म्हणून एवढे सांगितले.

कलम ६. मालिकेच्या लेखकाला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. त्याने आधीच घेतले आहे. सुरुवातीच्या दिवसांत तो एकदा संवाद वाचून दाखवायला घरी आला होता. भाची तेव्हा नऊ वर्षांची असेल. तिचा सारखा घोषा चालला होता: मावशी, माझी वेणी घाल. मावशी, हे बघ. मावशी, हे काका कधी जाणार? तो ऐकत होता आणि चहा पीत होता. पुढच्या आठवड्यात माझ्या हाती जी पाने आली त्यांत खात्यातली सगळी माणसे त्या बाईला "मावशी" म्हणत होती. तोवर तिला नाव नव्हते.

"अंगावर काटा येतो ना?" तो खुशीत म्हणाला. "इतका मायेचा शब्द आणि असली बाई."

मी नको म्हटले होते. ऐकतो कोण? वर्षभरात घरोघरच्या आया जेवत नसलेल्या पोरांना सांगायला लागल्या, "गप गिळ, नाहीतर मावशी येईल." भाचीला शाळेत चिडवायला लागले तेव्हा तिने मला हाक मारणे कमी केले. आधी ती "अगं" म्हणायची. मग नुसतीच समोर येऊन बोलायची. शब्द माझा होता, तिने दिलेला होता, आणि तो मला न विचारता साऱ्या गावाला वाटला गेला. याबद्दल मी लेखकाला क्षमा केलेली नाही आणि मेल्यावर करीन असेही नाही.

कलम ७. दिग्दर्शकांनाही काही नाही. माझ्या शोकसभेत त्यांना बोलायला उभे करू नये, कारण ते "ती भूमिका जगली" असे म्हणणार. मी ती जगले नाही, पगारावर केली. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: "कोणी काही विचारलं की लगेच बोलायचं नाही. हातातलं खाली ठेव. समोरच्याकडे बघ. थांब. मग बोल." बारा वर्षे हेच केल्यावर ते अंगात भिनते. भाजीवाल्याने भाव सांगितला की मी थांबायचे, आणि तो आपणहून दोन रुपये उतरवायचा. डॉक्टरांनी कुठे दुखते विचारले की मी थांबायचे, आणि ते आणखी चार तपासण्या लिहून द्यायचे. तोपर्यंत हसण्यावारी जात होते.

भाचीचे लग्न ठरले होते. मुलगा तिनेच पाहिलेला, मला पसंत होता. तो घरी आला, मी त्याला साखर किती घालू विचारले, त्याने पडदे छान आहेत म्हटले, एवढेच आमचे बोलणे. आठवड्याभरात त्याने कारण न देता लग्न मोडले. खरे कारण रंगूताईंना नंतर त्याच्या आत्याकडून कळले. त्याच्या आईने सांगितले होते, "असली बाई मला विहीण म्हणून नको. उद्या आपल्या घरात काय काय करेल." पण हे कळायला उशीर झाला. आणि नेमके त्याच महिन्यात मालिकेतल्या मावशीने एका अधिकाऱ्याला एक पाकीट पाठवून आपल्याच खात्यातल्या एका माणसाचे लग्न मोडले होते.

भाची स्वयंपाकघरात आली. मी चहा पीत होते.

"तू त्याला काही सांगितलंस का?"

मी कप खाली ठेवला. तिच्याकडे बघितले. थांबले. मग म्हटले, "नाही."

"मी हा सीन पाहिलाय," ती म्हणाली, आणि कपडे भरायला आत गेली.

त्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेच होते आणि आजही तेच आहे. मी त्या मुलाला काहीही सांगितले नव्हते. हे मी कायद्याच्या कागदावर लिहीत आहे, यापेक्षा जास्त माझ्याजवळ दुसरे काही नाही. मला ती हवी होती. तिने घर सोडले त्या दिवसापासून एकही दिवस असा गेला नाही की मला ती नको झाली.

कलम ८. राहते घर, तीन खोल्या आणि गॅलरी, माझी स्वकष्टाची मिळकत. रस्त्याकडची खोली भाचीची आहे, तिचे टेबल अजून तिथेच आहे. ती दुसऱ्या गावी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. लग्न केले नाही. भाड्याच्या खोलीत राहते आणि दर वर्षी घरमालक तिला सामान उचलायला लावतो. गेल्या खेपेला पावती दाखवूनही त्याने तिचे कपाट बाहेर काढून ठेवले. रंगूताई तिच्याशी बोलून असतात, त्यांच्याकडून कळते.

पाच वर्षांपूर्वी मी हे घर तिच्या नावाने बक्षीसपत्र करून कागद आणि किल्ली पाठवली. तिने ते कागद वकिलाला दाखवले. मग दुसऱ्याला दाखवले. मग तिसऱ्याला. तिघांनीही सांगितले की यात काही गोम नाही. ती रंगूताईंना म्हणाली, "काही सापडत नाही, म्हणजे नक्की काहीतरी आहे." कागद सहीशिवाय आणि किल्ली, दोन्ही रजिस्टर पोस्टाने परत आले. मी फोन केला. तिने आवाज ओळखला आणि विचारले, "आता काय हवंय तुला?" मी तोंड उघडेपर्यंत फोन ठेवला गेला होता.

मग मी ते एकपानी मृत्युपत्र केले: घर भाचीला, विनाअट. रंगूताईंनी तिच्या कानावर घातले. ती म्हणाली, "मला नको. ती मेल्यावरसुद्धा काहीतरी करेल." वकीलबाई म्हणाल्या, घेणाऱ्याने नको म्हटले तर कायदा जबरदस्ती करू शकत नाही.

महिनाभर मी विचार केला. साधे देऊन पाहिले, दोनदा. तेव्हा मालिकेतल्या त्या बाईला विचारले. बारा वर्षे मी तिचे संवाद पाठ केले आहेत, तिचे डोके कसे चालते ते मला कळते. ती कोणाला काही देत नसे. माणसाला जे घ्यायला लावायचे ते ती त्याच्या वैऱ्याच्या हातात ठेवायची आणि वाट बघायची.

म्हणून आता असे लिहिते: माझे राहते घर, आतल्या सामानासह, भाचीच्या खोलीसह, माझ्या वहिनींना द्यावे. मात्र माझ्या मृत्यूपासून एक वर्षाच्या आत भाचीने स्वतः हरकत घेतली आणि घराचा ताबा मागितला, तर घर पूर्णपणे तिचे होईल. मग तिच्यावर कसलीही अट नाही. विकावे, भाड्याने द्यावे, राहावे. वहिनींचा मग त्यावर काही हक्क उरणार नाही. वहिनी, वर्ष संपेपर्यंत पडद्यांची मापे घेऊ नका.

आणि भाचीसाठी, कारण हा कागद तू तीन वकिलांना दाखवणार आहेस: डाव आहे. वरच्याच परिच्छेदात आहे, शोधत बसू नकोस. तू नको म्हणालीस तर तुझ्या आईच्या यंत्रामागोमाग तुझी खोलीही त्या घरी जाईल, आणि ते तुला सहन होणार नाही हे मला माहीत आहे. मी तुला लहानाची मोठी केली आहे. आजवर मी तुझ्याशी सरळ वागले, त्यात तुला काही सापडले नाही, म्हणून तू प्रत्येक गोष्ट परत केलीस. या वेळी सापडेल असे काहीतरी ठेवले आहे. ते सापडले की तुझे समाधान होईल आणि तू घर घेशील. दुसरे काही दडलेले नाही.

तू हरकत घेऊन राहायला आलीस की सगळे म्हणतील, बाईचा शेवटचा डाव जमला. जमेलही. मला मात्र हरल्यासारखेच वाटत आहे, आणि हेही मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे, आणि साक्षीदारांच्या समोर मी सही करत आहे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: समोरच्या दारचे निवृत्त मुख्याध्यापक (सही. सही करण्यापूर्वी त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू तपासली. कोरी होती.)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ मार्च, सोमवार