आकाशपाळणा आणि एक यू

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ९.
हुडकेश्वरहून नातीचा फोन. नूपुर कॉम्प्युटरवर गेम बनवते आहे, त्यात जत्रा. रविवारी पाच वाजता तिचा अख्खा वर्ग ती बघणार. आकाशपाळणा उभा आहे, पण फिरत नाही. दोन आज्यांपैकी जी फिरवेल तिचं नाव पाटीवर. दुसरी आजी म्हणजे आमच्या विहीणबाई, यमुताई. त्यांना मोबाइलचा आवाज कमी करायलाही नूपुर लागते. कसली स्पर्धा! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथेच बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. स्क्रिप्ट, म्हणजे पाळण्याला द्यायच्या आज्ञा, इंग्रजीतच असते. उद्या संपवते.

मंगळवार.
संपलं नाही. स्क्रिप्ट एका डब्यात टाकली. तो एकटा गरगरला, बाकी अकरा ढिम्म. मग बाराही डब्यांत टाकली. प्रत्येक जण स्वतःभोवती फिरू लागला, चाक जागेवर. आमच्या सोसायटीची मीटिंग हुबेहूब.

बुधवार.
मदतीच्या पानावर सापडलं: सगळे तुकडे एका मॉडेलमध्ये बांधायचे, मधला आस मुख्य तुकडा नेमायचा आणि अख्खं मॉडेल फिरवायचं. हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं? बांधलं. नूपुर फोनवर म्हणाली, आजी, सांगू का? म्हटलं, नको.

गुरुवार. दुपारी ४.
अख्खं मॉडेल फिरवायची तयार स्क्रिप्ट त्याच पानावर मिळाली. इंग्रजी भिकार! ओळीची सुरुवात लहान अक्षराने. फुलस्टॉप एकही नाही. ‘एंड’ लिहून पुढे टिंब द्यायचं सुचू नये? आणि ‘कलर’मध्ये यू नाही. चौथीच्या मुलींना मी बाकावर उभं केलं असतं. सगळं शुद्ध करून उतरवलं. आता कुठे वाचवतं.

शुक्रवार.
पाळणा हलत नाही. माझ्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघ. मला लाल रेघ! यमुताईंचा फोन: “झालं काय वं ताई तुमचं? मी बी करूनच राहिली.” म्हटलं, शेवटचा हात फिरवते आहे.

शनिवार.
गेमच्या कंपनीला त्यांच्या इंग्रजीबद्दल दोन पानी पत्र धाडलं. सोमवारपर्यंत ते सुधारतील. तोवर पाळण्याने धीर धरावा.

रविवार, १२ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.
पाळणा फिरला. बाराही डबे एकत्र, डौलात. वर पाटी: यमुआजी.
विहीणबाईंना विचारलं, केलंत काय?
म्हणाल्या, “काही नाही वं ताई. मले इंग्रजी कुठं येते? म्हून मदतीच्या पानावर जसं दिसलं तसंच एकेक अक्षर उतरवलं.”
नूपुरने माझी समजूत काढली. रांगेची पाटी तू लिही आजी, तुझं स्पेलिंग चांगलं आहे.
लिहिली. ‘प्लीज क्यू.’ फुलस्टॉपसकट.
तेवढी मात्र चालली.