न झाडलेल्या फरशीवरची झुंज

११ फेब्रुवारी २००७, रविवार. संध्याकाळ.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा रोबो हरला, समोरच्याचा एक धक्काही न लागता. कॉलेजच्या पोरांनी रोबोंची झुंज ठेवली कुठे, तर कापसातून सरकी काढायच्या, बंद पडलेल्या जिनिंगमध्ये. आणि फरशी झाडली नाही! रोबो दोन हात पुढे गेला, चाकाच्या दांड्याला फरशीवरची जुनी रुई गुंडाळली, संपलं.

पंच म्हणतो, "काकू, थांबला म्हणजे हरला. पहिल्यांदाच लढून राह्यल्या ना? होते असं."

मी म्हटलं, "तुले झाडू धरणं कोणी शिकवलं नाही काय?" सगळे हसले. हसू देत.

बाबा याच जिनिंगचे मॅनेजर होते. बाया रुई झाडून गेल्याशिवाय त्यांनी कधी मशीन सुरू करू दिलं नाही. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात दारात उभी, सरकीचा वास, मशीन सुरू करा म्हणून बाबांचा वर झालेला हात... आजही वास तोच. त्या बाया कुठे गेल्या असतील?

निवृत्तीनंतर शिकून बांधलेला माझा पहिला रोबो. लढून हरला असता तर गप्प बसले असते. उद्या पंचाला कागदावर देणार: झाडलेल्या फरशीवर पुन्हा झुंज हवी. देता की नाही, शुक्रवारी पाचच्या आत लेखी कळवा.