पाहुण्यांच्या दिवशीचा वारा

आई, उद्या सकाळी शाळेत सुनावणी आहे आणि दुपारी वाघोलीहून तुझ्या नातवासाठी मुलीकडची माणसं आपलं घर बघायला यायची आहेत. दोन्ही एकाच दिवशी यावीत, हे आपल्या नशिबाला अगदी शोभून दिसतं. कचरा डेपो आणखी वाढवायचा घाट आहे. गावाचं म्हणणं ऐकायला साहेब लोक येणार, आणि जो जे बोलेल ते लिहून घेणार. डेपोला लागून पहिली विहीर आपली, म्हणून मी बोलावं असं ठरलंय. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. सारखा गच्चीवर जाऊन वारा कुठून येतोय ते बघतो. तुझी सून खालून ओरडते, "अहो, या खाली! वारा काय तुम्हाला विचारून फिरणार आहे?"

तुला मात्र तो विचारूनच फिरतो, असं आम्हाला वाटायचं. ताईला बघायला पाहुणे यायचे असले की तू आधी चुलीचा धूर बघायचीस. धूर कालव्याकडे झुकला, म्हणजे वारा डेपोवरून येतोय. मग लगेच निरोप. "आज नगं म्हणावं, घरात अडचण हाय." शेवटी वारा उलटा असलेल्या दिवशी पाहुणे आले, पोहे खाऊन खूश होऊन गेले. मी म्हटलं, "आई, त्यांना डेपोचं सांगायला नको का?" केवढी उसळलीस माझ्यावर! "वास काय पोरीला लागलाय व्हय? गप बस." लग्न झालं. पहिल्या दिवाळीला ताईला पोचवायला आलेले सासरे ओसरीवर नाकाला रुमाल लावून बसले, पाण्याच्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही. पुढे कित्येक वर्षं सासरी काही बिनसलं की ताईला तेच ऐकावं लागलं, फसवून दिलेली पोरगी.

आणि ती पाहणी आठवते? गावाने ओरडून ओरडून एकदाचे एक साहेब बोलावले. ते आपल्या घरी येणार म्हटल्यावर तू अंगण सारवलंस, ऊद जाळलास, टँकरच्या पाण्याचा वेलदोडा घालून चहा केलास. साहेब दोनदा चहा प्यायले आणि 'वास विशेष जाणवला नाही' असं लिहून निघून गेले. सगळं गाव आपल्यावर उखडलं. तू रडकुंडीला आलीस. "दारात आल्याल्या माणसाला घाणीत बसवू?" मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. विहिरीचं पाणी काळपट झालंय, वर तेलकट तवंग असतो, टँकर चुकला आणि त्याच पाण्याने अंघोळ केली की तुझ्या नातवाच्या अंगाला खाज सुटते.

तुझ्या सुनेने कालच उदबत्तीचे पुडे आणून ठेवलेत. ती म्हणते, "सुनावणीत दुसरं कोणी बोलेल. पेपरात तुमचं नाव आलं, विहिरीचा फोटो आला, की आपल्या घरात पोरगी कोण देईल?" तिचं काही चुकत नाही. आपल्या आळीत चांगली शिकलेली, नोकरीची पोरं बिनलग्नाची बसली आहेत. पण ताई डोळ्यांपुढून हलत नाही. आणि जी मुलगी या घरात येईल तिला हेच पाणी आहे.

म्हणून दुपारी मी मुलीच्या वडिलांना फोन केला. म्हटलं, "आपण उद्या दुपारी येण्याऐवजी सकाळीच या, आणि सरळ शाळेत या. मी काय बोलतो ते ऐका, आमची विहीर बघा. मग घरी यायचं का ते ठरवा." ते म्हणाले, "बरं. घरात बोलून सांगतो." आता दिवेलागण झाली, फोन नाही. पोरगा नुसता मोबाइल बघतोय. स्वयंपाकघरात भांडी आपटली जातायत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, एवढं मला कळतं. तरी एक सांगतो. तू असतीस तर तुला विचारल्यावाचून मी तो फोन केला नसता. तू नको म्हणाली असतीस, आणि मी ऐकलं असतं. फोन ठेवल्यावर, तू नाहीस याचं मला क्षणभर बरं वाटलं, आई.