कॉर्कची चिमणी
ल्यूकन, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७

सापडली! मी पीएचडीसाठी वाचतेय ते व्हिक्टोरियन काळातलं मुलींचं मासिक वाचकांची पत्रं छापत नसे, फक्त संपादकाची उत्तरं छापे. कॉर्क शहरातल्या, 'कॉर्कची चिमणी' या टोपणनावाच्या मुलीला त्याने सुनावलं होतं, "लिखाण सुमार. शिवणकाम शीक." वाटलं, बिचारीने लिहिणं सोडलं असणार. आज लायब्ररीत दुसरंच मासिक चाळताना एक कथा दिसली, खाली नाव कॉर्कची चिमणी! पण तीच कशावरून? तर कथेतली शिंपीण एका उर्मट संपादकाचा कोट मुद्दाम आखूड शिवते! मी इतकी मोठ्याने हसले की माझ्या गाईडबाई धावत आल्या. वाचून म्हणाल्या, "ग्रँड! यावर अख्खं प्रकरण लिही." संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पण तिचं खरं नाव काय गं?" खरंच, काय असेल? ते कळेपर्यंत आता चैन पडायचं नाही.