घरातली पावणी

१९ मार्च १९५८

कट्टा गावाच्या पुढे, खाडीकाठच्या वाडीत आज येऊन पडलो. देवी टोचणारा म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक. बैलगाडीने यशोदाची हाडं खिळखिळी केली, आमची पाच महिन्यांची सीतू मात्र मजेत झोपून आली. घर सुभद्राकाकींचं. बाई विधवा, बोलायला गोड. दोन खोल्या दिल्या आणि बजावलं की माजघरापलीकडे पावणी आहे, तिकडे जायचं नाही. पावणी म्हणजे मुंबईहून बोटीने आलेली त्यांची सून मथुरा, एवढं चौकशीत कळलं. माशांच्या आशेने मी कऱ्हाडपासून जिभेला धार लावून आलो होतो. पुढ्यात आली नुसती पेज. घरात सध्या फोडणीसुद्धा नाही म्हणे, पावणीला चालत नाही. मुंबईची नाजूक माणसं!

२१ मार्च

पाडवा. आम्ही कडुलिंब चिमूटभर खातो, इथे पावणीच्या दाराला डहाळेच्या डहाळे बांधलेत. सीतू गारठेल म्हणून काकींनी आतली मऊ गोधडी आणून दिली. पोरगी गुरफटून निजली.

उद्यापासून वाडीत टोचायला सुरुवात. सीतूचं घामोळं गेलं की तिलाही टोचू, असं यशोदा म्हणाली. मी मान डोलावली. घरचीच लस, घाई कसली!

२५ मार्च

लोक भले आहेत, दंड पुढे करतात. मला 'देवीचे डॉक्टर' म्हणतात. लवू तांडेलाने आज साऱ्यांदेखत विचारलं की स्वतःच्या मुलीला टोचलं का. मी हसण्यावारी नेलं.

२८ मार्च

गोधडी उन्हात झटकली. शिवणीतून मसुरीएवढ्या तपकिरी खपल्या पडल्या. तळहातावर घेतल्या आणि ओळखल्या.

माजघर ओलांडून दार ढकललं. मथुरा भिंतीकडे तोंड करून बसली होती. वळली, पदर ओढला, पण मी चेहरा पाहिला. सगळा देवीने खाल्लेला.

काकी रागावल्या नाहीत. त्यांनाच नवल वाटलं. "मियां पयल्याच दिसाक तुमका सांगललंय, घरात पावणी आसा म्हणान. तिचा नाव घेवचा नसता. तुमी देवीचे डॉक्टर, तुमका कळाक नाय?"

देवीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून पावणी म्हणायचं. फोडणी, मासे बंद. दाराला कडुलिंब. बाईने सारं उघड सांगितलं होतं. मला सुई धरायला शिकवली, हे कोणी शिकवलं नव्हतं.

तालुक्याला चिठ्ठी धाडली. शेवटच्या नळीतली लस सीतूला टोचली. तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तर उपयोग. गोधडी देऊन आज सात झाले.

३१ मार्च

दंडावर काही उठलं नाही. उन्हाने लस मेलेली होती. नव्या नळीसाठी लवूला कणकवलीला पाठवलंय. साऱ्या वाडीला टोचलं आणि माझ्या घरात — दिव्याखाली अंधार तो हाच. यशोदा माझ्याशी बोलत नाही. पावणीच्या दारापुढे दहीभात ठेवते. आज मीही हात जोडले. लाज वाटली नाही.

२ एप्रिल

सीतूला ताप. फणफणली आहे.

३ एप्रिल

ताप तसाच. दूध ओकते. लवू नळी घेऊन आला. आता त्या नळीचं काय करू.

पुस्तकात आहे — तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो, रोग्याला बरं वाटतं. मग फोड. आधी तोंडात.

यशोदाला हे सांगितलेलं नाही.

४ एप्रिल

ती कपाळावर पट्ट्या ठेवते, ताप उतरू दे म्हणते. मी शेजारी बसून — देवा, उतरू देऊ नकोस. साधा ताप असेल तर राहू दे आठ दिवस. उतरू नको —

५ एप्रिल

उतरला. पहाटे अंग गार.

यशोदाने देवापुढे साखर ठेवली. माझ्याशी बोलली. काकी म्हणाल्या, पावली. सीतू दूध प्यायली, हसली —

यशोदा म्हणते, असे काय उभे, घ्या ना तिला.

घेतली. अंगणात, उजेडात आणली. तोंड उघडत नाही. यशोदा दारातून बघते आहे, हसते आहे. सीतू, आ कर, बाळा. एकदाच.

जिभेवर —