लाल रांगेतली नऊ नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा चक्र्या धुतल्या. लाल रांगेच्या सहा टाक्या, सात ते बारा नंबर, प्रत्येकीला एक पिंप, प्रत्येक पिंपात टोपलीभर प्लास्टिकच्या चक्र्या. टाकीतलं पाणी त्या चक्र्यांमधून फिरून परत टाकीत येतं. दर सोमवारी त्या औषधाच्या पाण्यात बुडवायच्या, ब्रशने घासायच्या. बोट फिरवलं की कर्र वाजलं पाहिजे. निळ्या रांगेच्या चक्र्यांना मात्र हात लावायचा नाही. त्यांच्यावर वर्षभराची बुळबुळ बसली आहे, ती तशीच राहू द्यायची.

आणि आजारी कोण? लालवाले! मी घासूनपुसून लख्ख ठेवते ते!

हा प्रयोग ज्यांचा, त्या मॅडमना विचारलं. (तोंडावर मॅडम. इथे डायरीत पोरगी. मला मुलगी असती तर एवढीच असती.) म्हणाली, "मावशी, त्या बुळबुळीत अगणित जंतू राहतात. बरेचसे भले. माशांची घाण पचवतात, वाईट जंतूंना पाय ठेवायला जागा देत नाहीत. असं माझं म्हणणं आहे. खरं काय ते मासे सांगतील."

"मासे कसे सांगतील?"

"आजारी पडून," म्हणाली आणि वहीत बघायला लागली.

४ फेब्रुवारी

वन्सं म्हणतात, "जन्मभर माझ्या भावाचं घर घासलंस, आता माशांना आंघोळ घालतेस. प्रगती आहे हो!" हे गेल्यापासून आम्ही नणंद-भावजय दोघीच घरात. त्यांचा भाऊ गेला, माझा नवरा गेला. कोणाचं दुःख मोठं यावर कधी भांडलो नाही. बाकी सगळ्यावर भांडतो.

वाचनालयातून जंतूंवरचं पुस्तक आणलं आहे. जड आहे, पण सोडणार नाही. हे बुकबाइंडर. मी यांच्या शेजारी बसून फर्मे दुमडता दुमडता वाचायला शिकले. सोळा पानं हातात, पुढची सोळा दुसऱ्या गठ्ठ्यात. कितीतरी गोष्टींचा शेवट मला अजून ठाऊक नाही.

६ फेब्रुवारी

नऊ नंबर टाकी सगळ्यात वाईट. पर पांढरे पडलेत, कडा झिजल्यात. दाणे टाकले तर निम्मे मासे वरच येत नाहीत. एक कोपऱ्यात काचेला टेकून नुसता तोंड उघडमीट करतो.

यांच्या इस्पितळातल्या खोलीलाही काच होती. एकोणीस दिवस. आत जायचं नाही, हात लावायचा नाही — जंतू जातील. मी बाहेरून हात हलवायचे. त्यांना दिसायचा की नाही, देव जाणे.

७ फेब्रुवारी

केलं.

जेवणाच्या सुट्टीत. पंपवाला डबा घेऊन बाहेर बसला होता, पोरगी मीटिंगला. निळ्या पिंपातून दोन ओंजळी बुळबुळीत चक्र्या काढल्या, नऊ नंबरच्या पिंपात टाकल्या. तिथल्या तेवढ्याच निळ्यात. मग वाटलं, बाकीच्या पाच टाक्यांनी काय घोडं मारलंय? सहाही टाक्यांना दिल्या.

एका रांगेतलं काहीही दुसऱ्या रांगेत जाता कामा नये — भिंतीवर लिहिलंय. तो कागद मीच चिकटवलाय. ठाऊक नव्हतं असं इथे तरी लिहिणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

चक्र्या धुतल्यासारखं केलं. ब्रश कोरडाच राहिला.

१७ फेब्रुवारी

नऊ नंबरवाले वर आले! दाण्यांवर नुसती झुंबड! कोपऱ्यातला तो आता ओळखूसुद्धा येत नाही — सगळे सारखेच दिसतात. घरी येईपर्यंत हसत होते. वन्सं म्हणाल्या, "लॉटरी लागली की काय?"

२७ फेब्रुवारी

पोरगीचा डबा आजही तसाच परत गेला. तीन दिवस बघते आहे. शेवटी विचारलं.

"दोन्ही रांगा सारख्याच झाल्या, मावशी. बुळबुळ असली काय, नसली काय, माशांना फरक नाही. माझंच म्हणणं चुकलं." आणि हसली. ते हसणं बघवेना.

मासे बरे झाले एवढंच मी बघत होते. ते बरे झाले की हिचं म्हणणं खोटं पडतं, हे कसं सुचलं नाही? एवढी पुस्तकं वाचते!

२८ फेब्रुवारी

पंपवाल्याला आतल्या सगळ्या बातम्या असतात. म्हणाला, "मोठे सर म्हणाले, विषय बदला. पुढच्या आठवड्यात टाक्या रिकाम्या. आणि हिच्या अहवालावरून मासे पाळणाऱ्या तळीवाल्यांना कळवणार, खुशाल सगळं घासून काढा म्हणून." मग डोळा मारून, "तुमचं बरं आहे, मावशी. घासणाऱ्यांना आता मागणी!"

मी हसले नाही. त्याला वाटलं, चेष्टा लागली.

२ मार्च

वन्संना सगळं सांगितलं. त्या काठी टेकून बसल्या होत्या, बसूनच राहिल्या.

"नोकरी जाईल."

"जाईल."

"मग बोलू नकोस."

मग काठीवर जोर देऊन उठता उठता — "नाही बोललीस तर झोप लागेल तुला?"

"नाही."

"म्हणजे कुशीवर कुशी बदलत मलाही झोपू देणार नाहीस. जा, सांगून ये उद्या."

३ मार्च, सोमवार

सांगितलं. ती खोक्यात पुस्तकं भरत होती. मी दारातच उभी राहिले आणि एका दमात बोलले — चक्र्या, ओंजळी, सहा टाक्या, कोरडा ब्रश.

वाटलं, ओरडेल. तिने हातातलं पुस्तक हळूच खोक्यात ठेवलं.

"कुठल्या तारखेला?"

"सात फेब्रुवारी. शुक्रवार. एक वाजून गेला होता."

"तीन आठवडे," ती म्हणाली, "मी स्वतःला मूर्ख समजत होते, मावशी. तुम्ही रोज माझ्यासमोरून बादली घेऊन जात होता."

तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, "ते मासे बघवत नव्हते."

"मला बघवतात असं वाटतं तुम्हाला?"

मग रडली. मी जवळ गेले नाही. माझा हक्क नव्हता.

५ मार्च

मोठ्या सरांनी बोलावलं. "तुम्ही काय केलंत, कळतंय का?" कळतंय म्हटलं. ते पोरगीला म्हणाले, प्रयोग पुन्हा कर, शेवटची संधी. पण या बाईंना टाक्यांवरून काढ, वाटलं तर ऑफिस झाडू देत.

पोरगी म्हणाली, "नाही सर. मागच्या वेळी चक्र्या यांनीच धुतल्या. हात बदलला तर तो एक नवा फरक होईल." सरांना ते पटलं. मला पटलं की नाही, कोणी विचारलं नाही!

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "हे तुमच्यावर मेहेरबानी म्हणून नाही." "माहीत आहे," म्हटलं.

१० मार्च, सोमवार

नव्याने सुरुवात. नवे मासे, एका टाकीत तीस. पोरगीने नियमांचा नवा कागद आणला. शेवटी एक ओळ जास्त होती: लाल रांगेच्या कुठल्याही टाकीत आठ मासे खायचे थांबले की निकाल लिहायचा, त्या टाकीचा प्रयोग तिथेच संपवायचा, आणि निळ्या चक्र्या घालून मासे वाचवायचे.

सर म्हणाले, "ही ओळ आधी नव्हती."

"राहून गेली होती," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

चक्र्या धुतल्या. खरोखरच्या. कर्र वाजेपर्यंत.

३१ मार्च, सोमवार

नऊ नंबर, पुन्हा तीच. दोन मासे वर येत नाहीत. धुतल्या चक्र्या. हात थांबत होते, पण धुतल्या.

४ एप्रिल

पाच.

निळ्या रांगेत सगळे टुणटुणीत. पोरगीचं म्हणणं खरं ठरतंय. दोघींपैकी कोणाच्याच तोंडावर आनंद नाही. पंपवाला म्हणाला, "कोणी गेलंय का?"

७ एप्रिल, सोमवार

सात. सकाळी त्यातला एक मेला. मीच काढला जाळीने. हलका होता अगदी.

पोरगी माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली. बराच वेळ. "घरी कोण असतं तुमच्या?" दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. वन्संबद्दल सांगितलं. मग यांच्याबद्दल. काचेचंही सांगितलं. ती उठली नाही.

आणि मग मी त्याच टाकीच्या चक्र्या धुतल्या.

८ एप्रिल

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. नऊ नंबर. दाणे टाकले, आठवा वर आला नाही. पोरगीने दोनदा मोजलं. वहीत लिहिलं, सही केली, पेनाचं टोपण लावलं.

"मावशी, आता."

मी धावले.