नदीपलीकडचा टर्की आणि परराज्यातला धाकटा

मु. पो. नदीचा पूर्व काठ, आयोवा
२४ एप्रिल

आदरणीय आर्लोदादास,

धाकट्या मर्लचा मिझुरी नदीच्या भलत्याच काठावरून साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांगातली दोन अंगं हल्ली जमिनीला टेकत नाहीत, तेवढं सांभाळून घे.) तुझी तब्येत कशी आहे? साखर, पाठ, आणि डाव्या पायाचा तो अंगठा, ज्याच्यावरून तू स्वतःच स्वतःचा ट्रॅक्टर नेलास? इकडे आम्ही ठीक. डोरीन मजेत आहे. लेकीचे जुळे आळीपाळीने आजारी पडतात, त्यामुळे घरात कोणीतरी कायम बरं असतं. फोनच करणार होतो, पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मग तू अंदाजाने उत्तरं देतोस. नाताळात मी विचारलं, कान तपासून घेतलेस का, तर तू म्हणालास, तुलाही. म्हणून हा कागद.

विषय टर्कीच्या शिकारीचा आहे हे तू ओळखलं असशीलच. एप्रिलमध्ये मी तुला दुसऱ्या कशाबद्दल कधी लिहिलंय? वयाच्या बाराव्या वर्षापासून सहासष्टाव्यापर्यंत प्रत्येक वसंतात मी तुझ्या शेजारी, बाबांच्या टेकडीवरच्या त्या ओकच्या झाडाला पाठ लावून बसलो. गेला वसंत चुकला. हाही निम्मा सरला. मला या मोसमात तिथे बसायचंय, दादा. बाकीचं सगळं पत्र म्हणजे या एका वाक्याचं शेपूट आहे, पण शेपूट लांब आहे, तेव्हा कॉफी घेऊन बस.

तुला माहीतच आहे, मी काही हौसेने इकडे आलो नाही. लेकीला जुळं झालं, डोरीनने पेट्या भरल्या, आणि पुलावरून वळसा घेत अकरा मैलांवर मी आयोवाचा झालो. अकरा मैल म्हणजे काय रे? तू बी-बियाण्याला जातोस तेही याहून लांब. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांडी घासताना मला आपली टेकडी स्पष्ट दिसते. (म्हणून हल्ली भांडी मीच घासतो. डोरीनला वाटतं, म्हातारपणी का होईना, नवरा सुधारला.) पण नेब्रास्काच्या सरकारदरबारी मी आता परराज्यातला शिकारी. म्हणजे तुला परवाना जेवढ्यात पडतो त्याच्या चौपटीहून जास्त पैसे मोजायचे, एकच पक्षी मारायचा, आणि मुळात परवानेच मोजके, संपले की संपले. माझ्या शेजारच्या रकान्यात कोण, तर जॉर्जिया आणि टेक्सासहून गाडीमागे बोट बांधून येणारी मंडळी! त्यांना आवरा, माझी ना नाही. पक्षी कमी झालेत, घरट्यांत पिल्लं टिकत नाहीत, हे मलाही दिसतं. आणि खरं सांगायचं तर मला तक्रार करायला तोंडच नाही. दहा वर्षांपूर्वी गावच्या सभेत उभं राहून, बाहेरच्यांचे दर वाढवा, त्यांची संख्या बांधून टाका, असं ठणकावून सांगणारा मीच होतो. टाळ्याही पडल्या होत्या. सगळ्यात जोरात तूच वाजवल्या होत्यास.

तरी म्हटलं, घ्यायचाच. जानेवारीत दुपारी एकला संगणकावर विक्री सुरू होणार होती. मी अकरापासूनच शिकारीची टोपी घालून डोरीनच्या संगणकापुढे बसलो. (टोपी कशाला, असं तिने विचारलं. मी ती आणखी खाली ओढली.) एक वाजला आणि पडद्यावर आलं की तुमच्या पुढे चार हजार सातशे माणसं आहेत. मी आयुष्यात इतक्या माणसांच्या मागे कधी उभा राहिलो नव्हतो, आपल्या गावात तेवढी माणसंच नाहीत. तासाभराने माझा नंबर लागला. नाव विचारलं, लिहिलं. वजन विचारलं, थोडं कमी लिहिलं. केसांचा रंग विचारला, आठवून लिहिला. मग पत्ता. आणि दादा, मी शपथेवर सांगतो, मला फसवायचं नव्हतं. सहासष्ट वर्षं त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, बोटांनी ते देऊन टाकलं. यॉर्गनसन फार्म, टेकडी रस्ता, नेब्रास्का. पडदा लाल झाला. त्या यंत्राला माझं आयोवाचं गाडी चालवण्याचं लायसन कुठूनसं सापडलं होतं, आणि खोटा रहिवास सांगितल्याबद्दल कचेरीशी बोला, असा हुकूम आला.

कचेरीतली मुलगी आवाजावरून तुझ्या लेकीच्या, कार्लाच्याही निम्म्या वयाची असेल, पण फार गोड बोलली. तिने एवढंच विचारलं की काका, तुम्ही राहता कुठे. मी तिला पहिल्यापासून सांगितलं. आजोबा डेन्मार्कहून बोटीने आले तिथून सुरुवात केली, बाबांनी घातलेलं कुंपण सांगितलं, ओक सांगितला, डोरीनच्या पेट्या सांगितल्या. वीस मिनिटं तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आयोवा." तोवर परवाने संपले होते. डोरीन मागे उभीच होती. ती म्हणाली, "मर्ल, तुला पत्ता विचारला होता, आत्मचरित्र नाही."

आता तू म्हणशील, आयोवात राहतोस तर आयोवाचे मार. डोरीनही तेच म्हणते. इथला परवाना मला स्वस्तात मिळेल, हे मान्य. पण इथले टर्की माझ्या ओळखीचे नाहीत. त्यांच्या बापांना मी पाहिलेलं नाही, ते कुठल्या झाडावर झोपतात याचा मला पत्ता नाही, आणि खरं म्हणजे मला उत्सुकताही नाही. म्हणून मी दुसरंच काहीतरी सुरू केलं. दहा तारखेपासून रोज उजाडताना घडीची खुर्ची, कॉफीचा थर्मास आणि बाबांची ती काडीने घासायची पाटी घेऊन मी नदीकाठी जाऊन बसतो. बंदूक नाही, काही नाही. आधी बाबांनी शिकवल्याप्रमाणे घुबडासारखा घुमतो. (पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.) घुबड ऐकलं की आपल्या टेकडीवरून तो उत्तर देतो. तोच, ज्याच्या गुडगुडण्याच्या शेवटी उचकी येते. पाण्यावरून आवाज इतका स्वच्छ येतो की पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डोरीनला मी परागकण सांगितले.

नऊ दिवस मी पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढत होतो आणि नऊ दिवस तो पलीकडून ओरडत होता, इकडे ये म्हणून. दहाव्या दिवशी तो उतरून वाळूच्या पट्ट्यावर आला. पिसारा फुलवला, येरझाऱ्या घातल्या, मग एकदम गप्प झाला. आणि बघता बघता, दादा, तो उडाला! ते दहा किलोचं धूड धपाधप पंख मारत अख्खी नदी ओलांडून, एक पै न भरता, राज्याची हद्द पार करून, माझ्यापासून तीस पावलांवर उतरलं. तो छाती काढून माझ्याभोवती फिरला, मादी शोधत. खुर्ची पाहिली, थर्मास पाहिला, मग मला पाहिलं. त्याची जी निराशा झाली ती मला बघवेना. एवढ्या लांबून बोलावलं आणि द्यायला माझ्याकडे काही नाही, याची मला खरोखरच लाज वाटली.

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. वनखात्याची बाई, टेसा ब्रँडवोल्ड. कोणी संशयित इसम पहाटे घुमतो अशी तिच्याकडे तक्रार गेली होती. तिने परवाना मागितला, नव्हता. बंदूक विचारली, नव्हती. मग करताय काय, तर म्हटलं गप्पा मारतोय. मी तिला विनंती केली की हा पक्षी माझ्या भावाचा आहे, कृपा करून पलीकडे हाकलायला मदत करा. ती म्हणाली की पक्षी ज्या मातीवर उभा त्या राज्याचा. आणि तुम्ही कुठले, असं विचारलं. मी बोटाने टेकडी दाखवली. तिने टेकडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याला तुम्ही बोलावलंत. तुम्हाला तिकडून कोणी बोलावत नाही का?" मी तिला कॉफी दिली. टर्की तोवर मक्याच्या शेतात शिरला होता, आणि अजून परतलेला नाही. तेव्हा दादा, तुझा सगळ्यात मोठा नर मी पळवला आहे, हे इथे कबूल करतो.

दुसरंही एक कबूल करायचंय. आम्ही निघालो त्या दिवशी तू फाटकाशी उभा राहून म्हणालास की नदी ओलांडलीस की तू परका. आणि मी ट्रकच्या खिडकीतून म्हणालो की माझ्याशिवाय तुला टर्कीसुद्धा ऐकू येत नाही. तुझं म्हणणं पुढे राज्य सरकारनेच उचलून धरलं. माझं मी मागे घेतो. ते खोटं होतं म्हणून नाही, खरं होतं म्हणूनच. तुझे कान गेल्यापासून आठ वसंत मी तुझ्या गुडघ्यावर टिचक्या मारत होतो, पक्षी डावीकडे असला तर एक, उजवीकडे असला तर दोन, आणि आपण दोघांनीही त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. ते मी डोरीनसमोर, हमालांसमोर ओरडून सांगितलं. परवा खाद्य आणायला पलीकडे आलो होतो. (हो, खाद्य अजून आपल्याच दुकानातून आणतो. कोंबड्या नाहीत, तरी आणतो.) तिथे कळलं की तू सहा दिवस एकटाच जाऊन बसलास आणि एकदाही बंदूक उचलली नाहीस, कारण तो कुठून ओरडतोय तेच तुला कळेना. मी पोतं गाडीत टाकलं आणि सरळ पुलाकडे वळलो. तुझ्या फाटकापर्यंत यायचं धैर्य झालं नाही.

जिवाला जप. कान तपासून घे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
(कागदोपत्री परका)
मर्ल

ता. क. आईचं डॅनिश गोड आप्प्यांचं पात्र तुझ्याकडेच राहिलंय. डोरीन म्हणते की पत्रात बाकी काही लिहू नको, तेवढंच माग.

ता. क. दोन. परवाने संपल्याचं वर लिहिलं ते खरं आहे, पण अर्धं. दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी रद्द झालेला एक सुटला, आणि तो मी घेतला. चौपट पैसे भरून, पत्ता बिनचूक आयोवाचा लिहून. जानेवारीपासून तो फडताळात पडून आहे. मग जात का नाहीस, असं डोरीन रोज विचारते, आणि मी रोज तिला महागाई सांगतो. खरं कारण असं की जमीन तुझ्या नावावर आहे, आणि मालकाने हो म्हटल्याशिवाय कोणाच्याही जमिनीवर शिकारीला पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे. मोसम एकतीस मेपर्यंत आहे. राज्याने हो म्हटलंय, दादा. तुझं राहिलंय.